अर्जातील रकाना



मृगाचा पाऊस पडला म्हणजे आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत दोन प्रकारची धांदल सुरू होते. एक पेरणीची आणि दुसरी कागदपत्रांची. बारावीचा निकाल लागलेला असतो. कराड, सातारा, सांगली किंवा मिरज येथील एखाद्या महाविद्यालयाच्या यादीत मुलाचे अथवा मुलीचे नाव आलेले असते. आणि त्या नावापुढे शुल्काचा जो आकडा छापलेला असतो, तो वाचून घरात आनंदाच्या जोडीने चिंताही शिरते. मग एखादा बाप दिवसाची मजुरी आटोपून सायंकाळी उपदेशकाच्या दारी येऊन बसतो. हातात पिशवी, पिशवीत दाखले. काही वेळ पावसापाण्याच्या गोष्टी होतात, आणि अखेर तो हळूच विचारतो, "मास्तर, शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात काय भरू?"

प्रश्न दिसावयास एका शब्दाचा आहे. परंतु त्या एका शब्दावर एका मुलाचे शिक्षण व एका कुटुंबाची सद्सद्विवेकबुद्धी, अशी दोन्ही ओझी टांगलेली असतात. यास्तव ज्या उपदेशकास हा प्रश्न विचारला जातो, त्याने घाईने उत्तर देऊ नये, आणि तो टाळूही नये. त्याचाच आज आपण विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर सारिला पाहिजे. आपल्यांतील काही स्वाभिमानी माणसांस वाटते की, शिकण्यासाठी मदत मागणे ही भीक होय. ही समजूत बरोबर नाही. भीक मागणारा घेऊन निघून जातो. शिष्यवृत्ती मागणारा आपले श्रम, आपली बुद्धी व आपली पुढील वर्षे पुढे ठेवून मागतो. याविषयी आपल्या जिल्ह्यानेच देशास धडा घालून दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढिले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथील मुले एका पंक्तीस जेवत, स्वयंपाकापासून शेतातील कामापर्यंत स्वतःच्या हातांनी राबत आणि शिकत. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, आणि शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी दिले. 1947 साली त्याच साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघाले, आणि 'कमवा आणि शिका' ही रीत महाविद्यालयाच्या अंगणात आली. त्या मुलांपैकी कोणास कोणी भिकारी म्हटले नाही. पौल प्रेषिताने करिंथ येथे तंबू शिवून आपला निर्वाह केला, म्हणून त्याचा उपदेश हलका झाला नाही. आणि इतर मंडळ्यांनी पाठविलेली मदत त्याने घेतली, म्हणूनही तो हलका झाला नाही. सबब मागणे हा दोष नव्हे. काय सांगून मागितले, येथेच दोषाचा किंवा गुणाचा प्रश्न येतो.

आता त्या रकान्याकडे येऊ. कायद्याची स्थिती आधी स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ घरांत ती अर्धवटच ठाऊक असते. 1950 साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींसंबंधी जो आदेश काढिला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. 1956 साली त्यात शीख बांधवांचा व 1990 साली बौद्ध बांधवांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींस अशी धर्माची अट नाही. आपल्या महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस इतर मागासवर्गात गणतात. याचा परिणाम असा होतो की, एकाच वस्तीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणाऱ्या दोन चुलत भावांपैकी एकास अभियांत्रिकीचे सगळे शिक्षण शुल्क माफ होते आणि दुसऱ्यास सामान्यतः निम्मेच सुटते. मुलींच्या बाबतीत हा भेद 2024 साली पुष्कळसा कमी झाला. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत आहे, त्यांतील इतर मागासवर्गीय मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले. मुलांच्या बाबतीत मात्र त्या उरलेल्या निम्म्याचे ओझे बापाच्या मानेवरच राहते.

म्हणून मोह उत्पन्न होतो. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, घरात नित्य प्रार्थना होते, रविवारी सर्व कुटुंब उपासनेस येते. परंतु अर्जात जुना धर्म व जुनी जात लिहिली की काम होते. कोणी म्हणेल, "एक शब्द तर लिहावयाचा. परमेश्वर अंतःकरण पाहतो, कागद पाहत नाही." दुसरा याहून वजनदार गोष्ट सांगेल. तो म्हणेल, "बाप्तिस्म्याच्या पाण्याने माझी जात गावाच्या नजरेतून धुतली गेली काय? मला घर भाड्याने देताना मालक काय विचारतो? माझी वस्ती अजून गावाबाहेरच आहे. गाव मला जुन्या नावाने ओळखते, मग सरकारने तरी वेगळे का ओळखावे? कायदाच अन्यायाचा आहे. त्यापुढे खरे बोलण्याचे बंधन माझ्यावर का?"

या दुसऱ्या बंधूस उडवून लावणे योग्य नव्हे. त्याचे दुःख खरे आहे, आणि त्याच्या म्हणण्यास मोठमोठ्या माणसांनीही मान डोलाविली आहे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने 2007 साली, अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. त्याआधी 2004 साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 2022 साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयाच्या चौकशीसाठी नवा आयोग नेमण्यात आला. दुसऱ्या पक्षाचेही म्हणणे आहे. अस्पृश्यता ही हिंदू समाजरचनेतून निघाली, म्हणून तिच्यावरील उपायही तेथपर्यंतच असावा, आणि आधीच तोकड्या असलेल्या जागांत वाटेकरी वाढू नयेत, असे ते मानतात. हा वाद उघड्यावर चालला आहे, आणि तो उघड्यावरच चालला पाहिजे.

आता हाच मुद्दा विचारात घ्या. ज्यास कायदा अन्यायाचा वाटतो, त्याच्या हातात खोटा अर्ज हे शस्त्र आहे काय? आम्हांस तर वाटते, ते शस्त्र उलटे फिरते. आयोग गावी येऊन विचारतो, "येथे गरीब दलित ख्रिस्ती किती?" आणि कागद उत्तर देतो, "कोणी नाहीत." प्रत्येक खोटा रकाना गणतीतून एक गरीब ख्रिस्ती पुसून टाकितो. ज्या मुलांनी खरे लिहिले व निम्मे शुल्क कर्ज काढून भरले, त्यांची कैफियत खोटे लिहिणाऱ्यांमुळे दुबळी होते. म्हणजे ते असत्य सरकारला फसविण्यापूर्वी आपल्याच शेजाऱ्यास फसविते.

खोट्या दाखल्याबद्दल शिक्षाही आहे. जातीच्या प्रमाणपत्रांविषयी महाराष्ट्राचा 2000 सालचा कायदा सांगतो की, खोट्या प्रमाणपत्रावर घेतलेला लाभ परत वसूल होईल, पदवी रद्द होऊ शकेल, आणि कैदही होऊ शकेल. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असा निर्णय दिला की, मनात श्रद्धा नसता केवळ आरक्षणाच्या लाभासाठी दुसऱ्या धर्माचे असल्याचे सांगणे हे संविधानाशी केलेले कपट होय. हे सर्व ठाऊक असावे. परंतु भीतीने बोललेले सत्य फार दिवस टिकत नाही. भीती गेली की तेही जाते. म्हणून शिक्षेहून खोल कारण शोधिले पाहिजे.

ते कारण पाहावयाचे तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरास चला. 1878 साली तेथे नोकरीस असलेले गोपाळराव जोशी यांनी, आपली बालपत्नी आनंदीबाई हिच्या अमेरिकेतील शिक्षणाची व स्वतःच्या उपजीविकेची सोय व्हावी म्हणून मिशनऱ्यांकडे मदतीचे पत्र लिहिले. ते पत्र रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. या गृहस्थांनी पुष्कळ वर्षे कोल्हापुरात काम केले होते व त्या वेळी ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे एक मिशन-मासिक चालवीत होते. त्यांनी पत्र छापिले व उत्तरही छापिले. उत्तराचा रोख असा होता की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. मदतीचा मार्ग तेथेच खुंटला. पुढे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचण्यात तो मजकूर आला. त्यांनी 1880 साली कोणतीही अट न घालता मैत्रीचे पत्र पाठविले, आणि आनंदीबाईंस परदेशी एक घर मिळाले. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, सेरामपूर कॉलेजात, म्हणजे मिशनच्याच सभागृहात, उभे राहून त्या मुलीने सांगितले की, मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास अर्ज करितानाही, आपण सर्व अटी पुऱ्या करीत नाही, हे तिने स्वतःच लिहून दिले. तिला प्रवेश मिळाला, आणि मार्च 1886 मध्ये ती वैद्यकाची पदवीधर झाली. फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, तिचा पुण्यात अंत झाला.

हा वृत्तांत आम्ही ख्रिस्ती वाचकांपुढे मुद्दाम ठेवीत आहो. यात चूक आपल्या बाजूच्या माणसाची आहे, आणि धैर्य हिंदू मुलीचे आहे. ज्याच्या हातात मदत आहे त्याने श्रद्धेची किंमत मागू नये, आणि ज्यास मदत पाहिजे त्याने श्रद्धा लपवू नये, हे दोन्ही धडे या एकाच गोष्टीत आहेत. तिला एक शब्द बदलण्याने बोटीचे भाडे व शुल्क मिळाले असते. तिने तो बदलला नाही. आज आपल्या मुलापुढे तोच शब्द उलट्या बाजूने उभा आहे. तिच्या प्रामाणिकपणाचे आपण कौतुक करावे आणि आपला रकाना वेगळ्या मापाने मोजावा, हे कसे शोभेल? आपण जे आहोत ते नाही असे सांगणे, ही केवळ कागदाची चूक नसते. पेत्र अंगणातील शेकोटीपाशी तेवढेच बोलला होता, आणि तेही एका दासीपुढे. कोणत्याही कचेरीत नव्हे. तरी कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन रडला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. कित्येक घरांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासूनच जुना धर्म लिहिलेला चालत आला आहे. मुलाने तो लिहिला नाही, बापानेही नाही. पूर्वजांची नोंद जशी आहे तशी असणे आणि आज स्वतःच्या सहीने 'मी अमुक' म्हणून सांगणे, यांत अंतर आहे. जुन्या नोंदीबद्दल कोणास दोष देऊ नये. परंतु आजची सही आजच्या माणसाची असते. तसेच, सत्य लिहिणारा रिकाम्या हाताने परततो अशीही समजूत नसावी. इतर मागासवर्गाची शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याक समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. खोटे लिहिण्याआधी खरे लिहून काय मिळते, हे पुष्कळांनी कधी विचारलेलेच नसते.

उत्पन्नाच्या रकान्याविषयीही हेच म्हणता येईल, आणि तेथे जातीधर्माची सबबही सांगता येत नाही. कृष्णाकाठी ज्याचा ऊस कारखान्यास जातो, त्याने जत, आटपाडी, माण किंवा खटाव येथील कोरडवाहू मजुराइतके उत्पन्न लिहून दाखला काढिला, तर ज्या निधीस मर्यादा आहे त्यातील एक जागा त्याने त्या मजुराच्या मुलाच्या पानातून उचलली. हनन्या व सप्पीरा यांची शेतजमीन त्यांचीच होती आणि पैसाही त्यांचाच होता; त्यांच्याकडून घडले ते एवढेच की, सांगितलेला आकडा खरा नव्हता.

आतापर्यंत आपण मागणाऱ्याशी बोललो. आता सांगणाऱ्याशी बोलू, म्हणजे आपल्या सर्वांशी. उपदेशकाने त्या बापास सांगितले, "खरे लिहा." बापाने ऐकले. शुल्काचे उरलेले निम्मे आता कोणी भरावयाचे? उपदेश करणाराचे त्यात काही गेले नाही. पंचमंडळाचे काही गेले नाही. रविवारी 'आमेन' म्हणणाऱ्या पन्नास घरांचे काही गेले नाही. सत्य सर्व मंडळीचे, आणि त्याचे मोल मात्र एका अठरा वर्षांच्या मुलाने भरावे, हा कोणता न्याय? आम्ही स्पष्ट म्हणतो: जी मंडळी मुलास खरे लिहावयास सांगते आणि मग हात झटकते, तिने अर्धेच सत्य सांगितले आहे.

यासाठी मोठ्या देणगीची वाट पाहावयास नको. सुगीच्या वेळी प्रत्येक घरातून पायलीभर धान्य किंवा एक दिवसाची मजुरी निराळी ठेविली, तर वर्षाकाठी एका मुलाच्या पुस्तकांची व प्रवासाची सोय लहान मंडळीसही करिता येईल. जी घरे शिक्षणाने वर आली आहेत, शिक्षकाच्या, परिचारिकेच्या अथवा बँकेच्या पगारावर आहेत, त्यांनी अधिक द्यावे, कारण त्यांच्या आजोबांसही कोणी तरी वसतिगृहात भाकरी दिली होती. आणि ज्यास पैसा देता येत नाही, त्याने वेळ द्यावा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून केव्हा काढावा, इतर मागासवर्गाच्या दाखल्यास 1967 पूर्वीचा पुरावा लागतो तो कोठे शोधावा, नॉन-क्रिमीलेयर म्हणजे काय, बँकेचे खाते आधारशी जोडले आहे की नाही, महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्जाची मुदत कधी संपते, हे ज्या मंडळीत एका तरी माणसास नीट ठाऊक आहे, तेथील मुलांपैकी निम्म्यांचा मोह तेथेच नाहीसा होईल. कित्येक जण दुष्टपणाने खोटे लिहीत नाहीत. शेवटच्या दिवशी, सेवा केंद्राच्या रांगेत, दुसरा मार्ग कोणी दाखविलेला नसतो म्हणून लिहितात.

मदत देणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर 1900 साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, हे आपणांस अभिमानाने ठाऊक आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला. 1917 साली तो करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. परंतु त्या नगरात अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांस परतावे लागले. घेणाऱ्याने वचन पाळावयास पाऊल उचलले होते. ज्या नगरास त्याची सेवा मिळावयाची होती, त्या नगरालाच त्यास ठेवून घेता आले नाही. यावरून दिसते की, उपकाराचे ऋण घेणाऱ्यावर असते, तसे देणाऱ्यावरही असते. शिकून परत आलेल्या मुलास मंडळीत मानाने बसविणे, त्याच्या प्रश्नांस न भिणे, आणि 'आम्ही तुला शिकविले' असे वारंवार न ऐकविणे, हाही मदतीचाच भाग होय. आणि घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी अटी वाचाव्यात, पाळता येतील तेवढ्याच मान्य कराव्यात, व पुढे आपल्यामागून येणाऱ्या एका तरी मुलाचा हात धरावा. ज्याने दिले त्यास परत करणे बहुधा शक्य नसते. ऋण पुढे द्यावयाचे असते.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी तो रकाना पूर्वीच भरून टाकिला असेल. त्यांस टाकून बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. विशेषतः ज्या मंडळीने त्या वेळी त्यांस काहीच मदत केली नाही, तिला तर मुळीच नाही. पेत्र रडला, आणि तो परत घेतला गेला. त्याच्यावरच पुढे कळप सोपविण्यात आला. जाणत्या माणसाचा सल्ला घेऊन जे सुधारता येईल ते सुधारावे, आणि धाकट्या भावंडाचा अर्ज तरी सरळ भरावा.

सारांश, त्या सायंकाळी दारात बसलेल्या बापास काय सांगावे? "खरे लिहा," एवढेच सांगून दार लावू नये. दिवा जवळ घ्यावा, पिशवीतील दाखले बाहेर काढावयास सांगावे, एकेक कागद त्याच्याबरोबर वाचावा, कोणती शिष्यवृत्ती खऱ्या शब्दावर मिळते ते पाहावे, आणि मग म्हणावे, "पाटलीण मावशींकडे, गुरुजींकडे, सगळ्यांकडे उद्या आपण दोघे जाऊ. राहिलेले आपण मिळून पाहू." तो बाप त्या रात्री घरी जाईल तेव्हा रकान्यात काय लिहावे, हे त्यास पुन्हा विचारावे लागणार नाही.